हार्डनरचा रंग आणि रंगाऱ्याचा श्वास

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





वर्षभराचा जमाखर्च आणि विभागवार कामकाजाचा तपशील या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. या निमित्ताने एका व्याधीकडे आपले लक्ष वेधावे, अशी आमची इच्छा आहे. ही व्याधी आपल्या उपनगरांत रोजच्या कामातून निर्माण होते, ती पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे, आणि ती टाळण्यात या सभागृहातील प्रत्येकाचा वाटा असू शकतो. विषय आहे हार्डनर मिसळलेल्या रंगाची फवारणी करणाऱ्या कारागिरांच्या दम्याचा. आम्ही हिशेब आणि व्यवस्था पाहणारी माणसे आहोत, वैद्य नव्हे. यापुढे जे वैद्यकीय स्वरूपाचे सांगणार आहोत, ते आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे, ही नोंद प्रारंभीच करतो.

लालबहादूर शास्त्री मार्गाने कुर्ल्याहून घाटकोपर, विक्रोळी, भांडुप करीत मुलुंडपर्यंत या, किंवा पश्चिमेकडे साकीनाका, मरोळ, जोगेश्वरी, कांदिवली, बोरिवली असा फेरफटका मारा. मुख्य रस्त्यावर नव्हे, तर आतल्या गल्ल्यांत, पत्र्याच्या छपराखाली आपल्याला ‘डेंटिंग-पेंटिंग’ अशी पाटी दिसेल. काँप्रेसरचा ठोका ऐकू येईल. कोणाच्या तरी मोटारीचा ठोकलेला दरवाजा तेथे सपाट होऊन, पुट्टी लागून, घासला जाऊन रंगाची वाट पाहत असेल. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजाराच्या परिसरात हेच काम लाकडावर चालते. तेथे त्याला ‘पीयू पॉलिश’ म्हणतात. आणि गेल्या काही वर्षांत हे काम आपल्या सोसायट्यांत, आपल्या जिन्याच्या वरच्या मजल्यावरही आले आहे. सदनिकेची अंतर्गत सजावट निघाली की कपाटांना पीयूचा हात मारायला कारागीर गन आणि लहान काँप्रेसर घेऊन घरातच येतो, आणि धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून घेतो.

पूर्वीचा मोटारीचा रंग म्हणजे ‘ड्युको’. मूळचे हे १९२० च्या दशकात अमेरिकेत आलेल्या एका रंगाचे नाव. आपल्याकडे ते फवाऱ्याच्या रंगाचे सामान्यनामच होऊन बसले. हा रंग थिनर उडून गेला की वाळत असे. त्याच्या थिनरने डोके दुखे, मळमळे, दीर्घकाळात इतरही अपाय होत. परंतु आजचा विषय त्याहून वेगळा आहे. आजचा मोटारीचा टिकाऊ, आरशासारखा चकाकणारा रंग दोन डब्यांतून येतो. एका डब्यात रंग किंवा पारदर्शक क्लिअर, दुसऱ्या लहान डब्यात हार्डनर. गॅरेजच्या भाषेत हा ‘टू-के’ रंग. दोन्ही ठराविक प्रमाणात मिसळले की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही तासांत पेट्रोललाही दाद न देणारा कठीण थर तयार होतो. या रसायनाचे मूळ जर्मनीतील ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९३७ सालच्या संशोधनात आहे. त्यातून पॉलियुरेथेन जन्माला आले आणि गादीच्या फोमपासून बुटांच्या तळव्यांपर्यंत सर्वत्र पोहोचले. ‘पीयू’ हे त्याचेच संक्षिप्त रूप.

या हार्डनरमधील क्रियाशील द्रव्याचे नाव आयसोसायनेट. हे नाव महाराष्ट्राच्या शेजारच्याच राज्याने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. १९८४ च्या डिसेंबरमध्ये, २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये सुटलेला वायू मिथाइल आयसोसायनेट होता. येथे गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट करतो की रंगाच्या हार्डनरमधील द्रव्य ते नव्हे. भोपाळचे द्रव्य सुमारे ३९ अंश सेल्सिअसला उकळणारे, क्षणात वायू होणारे होते. मोटारीच्या हार्डनरमधील द्रव्य घट्ट असते आणि बंद डब्यात स्वस्थ पडून राहते. ही दोन्ही एकाच कुळातील, पण वेगळ्या स्वभावाची भावंडे होत. मात्र त्या घट्ट द्रव्याला आपण गनमध्ये भरून हवेच्या दाबाने अतिसूक्ष्म तुषारांत फोडतो, तेव्हा जे आपण होऊन हवेत उडत नव्हते ते आपणच हवेत उडवतो. धोका डब्यात कमी आणि फवाऱ्यात अधिक आहे, तो असा.

आयसोसायनेटला पाण्याचे आणि प्रथिनांचे विलक्षण आकर्षण असते. पावसाळ्यात हार्डनरचा डबा नीट बंद केला नाही तर तो फुगतो, हे प्रत्येक रंगाऱ्याला ठाऊक असते. हवेतील दमटपणाशी संयोग होऊन आत कर्बवायू तयार होतो, म्हणून तो फुगतो. तेच द्रव्य श्वासनलिकेच्या ओलसर अस्तरावर पोहोचले की तेथील प्रथिनांना चिकटते. काही जणांच्या शरीराची संरक्षक यंत्रणा या बदललेल्या प्रथिनाला शत्रू म्हणून ओळखू लागते. डॉक्टर याला ‘संवेदीकरण’ म्हणतात. त्याला काही आठवडे लागतात, कधी महिने, कधी वर्षे. तोपर्यंत कारागिराला काहीही होत नाही आणि ‘इतकी वर्षे मारतोय, मला काय झालं?’ असे तो विश्वासाने सांगतो. पण एकदा ही ओळख पक्की झाली, की पुढे अत्यल्प मात्राही पुरते. शेजारच्या खणात दुसऱ्याने मारलेला फवारा, इतकेच काय, नुकताच हार्डनर मिसळलेला उघडा डबाही त्याला दम्याचा झटका आणू शकतो.

हे प्रमाण किती अल्प असते, याचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा देतो. मोटारीच्या हार्डनरमधील मूळ द्रव्यासाठी अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य तज्ज्ञांनी कामाच्या ठिकाणी शिफारस केलेली सरासरी मर्यादा हवेच्या १०० कोटी भागांत ५ भाग इतकी आहे. एवढ्याशा मात्रेला नाकाला वास येत नाही. ज्याला वास येतो तो बहुधा थिनर असतो. म्हणून ‘वास नाही, म्हणजे धोका नाही’ हा अनुभवी कारागिराचा ठोकताळा येथे सर्वस्वी फसवा ठरतो. डोळ्यांचाही उपयोग नाही. बारीक तुषार साध्या उजेडात दिसत नाहीत. फवारा थांबला आणि हवा स्वच्छ दिसू लागली तरी ते काही काळ तरंगतच असतात.

ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षाविषयक सरकारी यंत्रणेने दोन डब्यांचा रंग फवारणाऱ्या कारागिरांना दमा होण्याची शक्यता तेथील सर्वसाधारण कामकरी वर्गापेक्षा सुमारे ८० पट असल्याचे नोंदवले आहे. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९६ मध्ये या द्रव्यांमुळे होणारा दमा आणि मृत्यू यांबाबत स्वतंत्र इशारा प्रसिद्ध केला. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून अशी द्रव्ये ठराविक प्रमाणाहून अधिक असलेला माल व्यावसायिक कामासाठी वापरण्यापूर्वी प्रशिक्षण घेणे बंधनकारक झाले आहे. आपल्या गल्लीतील कारागिराच्या हातात तोच माल आहे. प्रशिक्षण मात्र उस्तादाने दिले असेल तेवढेच.

आता या रुग्णांची हकीकत सांगतो. थोड्याफार फरकाने ती सर्वांची सारखीच असते. तिशी-पस्तिशीचा माणूस. कामावर असताना फारसा त्रास नाही. संध्याकाळी घरी आल्यावर, किंवा रात्री दोन-तीनच्या सुमारास, खोकल्याची उबळ येते, छाती दाटते, शिट्टीसारखा आवाज येतो. आयसोसायनेटचा परिणाम पुष्कळदा चार ते आठ तासांनी उशिरा दिसतो, हे त्याला माहीत नसते; त्यामुळे दोष पंख्याला, थंड पाण्याला, घराच्या ओलीला दिला जातो. खोकल्याचे औषध होते. क्षयाची तपासणी होते आणि ती निर्दोष येते. मग गणपतीला तो कोकणात जातो, किंवा उत्तरेकडील कारागीर असेल तर उन्हाळ्यात मुलखाला जातो, आणि आठ-दहा दिवसांत त्याचा श्वास मोकळा होतो. परत येऊन कामाला लागला की पुन्हा तेच. सोबत आलेली पत्नी किंवा आई डॉक्टरांना खात्रीने सांगते, ‘‘साहेब, यांना मुंबईची हवाच मानवत नाही.’’

सभ्य स्त्री-पुरुषहो, आमच्या आजच्या निवेदनाचा गाभा या एका वाक्यात आहे. त्या माउलीचे निरीक्षण अचूक असते. निष्कर्ष तेवढा चुकलेला असतो. गावची हवा औषधी असते म्हणून तो बरा होत नाही. गावी गन हातात नसते म्हणून तो बरा होतो. मुंबईच्या हवेत दोष अनेक आहेत, परंतु त्याच चाळीत राहणारे त्याचे भाऊ-शेजारी रात्री उठून बसत नाहीत. ‘सुट्टीत बरे वाटते का?’ या प्रश्नाचे ‘हो’ हे उत्तर धंद्यामुळे जडलेल्या दम्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची खूण आहे. तिला कोणतेही यंत्र लागत नाही.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात वैद्यांना सांगितले होते की, रुग्णाला नेहमीचे प्रश्न विचारताना आणखी एक प्रश्न जोडा: तुझा धंदा कोणता? तीन शतकांनंतरही या प्रश्नाला पर्याय नाही. केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘नोकरी’ किंवा ‘मजुरी’ एवढेच लिहिले जाते, तेव्हा रोगाचे मूळ तेथेच गाडले जाते. म्हणून आमच्या नोंदणी खिडकीवरील कर्मचाऱ्यांना आम्ही ‘नोकरी’ या उत्तरावर न थांबता ‘नेमके काय काम?’ असे विचारण्यास सांगितले आहे. उत्तरात रंग, पॉलिश, गन किंवा हार्डनर यांपैकी एखादा शब्द आला, की डॉक्टर पुढचे दोन प्रश्न विचारतात: त्रास रात्री वाढतो का, आणि सुट्टीत कमी होतो का.

उत्तरे तशी आली तर पुढची पायरी पीक फ्लो मीटरची. ही एक लहानशी नळी असते. पूर्ण श्वास घेऊन तिच्यात जोराने फुंकायचे आणि काटा कोठवर गेला ते वहीत लिहायचे. दिवसातून किमान चार वेळा, असे काही आठवडे, आणि त्यांत कामाचे तसेच सुट्टीचे असे दोन्ही प्रकारचे दिवस यायला हवेत. वहीतील आकडे कामाच्या दिवसांत उतरतात आणि सुट्टीत चढतात, तेव्हा रोगाची साक्ष रुग्णाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात मिळते. आयुष्यभर खतावण्या पाहिलेल्या माणसांना या वहीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. निदान अर्थातच डॉक्टरच करतात. त्यासाठी श्वसनक्षमतेच्या इतर तपासण्याही असतात.

या निदानाची घाई का? कारण येथे वेळ हेच औषध आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून कारागीर जितक्या लवकर त्या द्रव्यापासून दूर होईल, तितकी तो पूर्ण बरा होण्याची आशा अधिक. इन्हेलरने आराम पडतो, पण इन्हेलर घेऊन तेच काम चालू ठेवणे म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरत राहणे होय. उशीर झाला तर काम सोडल्यानंतरही दमा वर्षानुवर्षे साथ सोडत नाही. आणि एकदा संवेदीकरण झालेल्या माणसाला ‘यापुढे हार्डनरच्या जवळपासही जाऊ नका’ असे सांगावे लागते. पंधरा वर्षे ज्या हाताने नावलौकिक कमावला, त्या हाताला दुसरे काम शिकायला सांगणे किती कठीण असते, याची कल्पना आपण करू शकता. म्हणून खरा मार्ग एकच: संवेदीकरण होऊच न देणे. त्यासाठी श्वासाचे संरक्षण.

प्रथम जे संरक्षण नव्हे ते सांगतो. नाकातोंडाला बांधलेला रुमाल किंवा गमछा हे संरक्षण नव्हे. तो रंगाचे मोठे थेंब अडवतो आणि मनाचे समाधान करतो, इतकेच. २०२० च्या साथीनंतर घरोघरी परिचित झालेला एन-९५ मास्कही येथे पुरेसा नाही. तो कण अडवण्यासाठी बनवलेला असतो; वाफा त्यातून सरळ आत येतात, आणि फवारणीत कण व वाफ दोन्ही असतात. साथीच्या काळात जी वस्तू योग्य होती, ती या कामालाही योग्य असेलच असे नाही, हे कारागिरांना आवर्जून सांगावे लागते.

त्यापुढचा प्रकार म्हणजे दोन्ही गालांशी डबी असलेला रबरी मास्क. डबीत वाफ शोषणारा सक्रिय कोळसा आणि कण अडवणारी गाळणी, दोन्ही असाव्या लागतात. रुमालापेक्षा हा शतपटीने बरा, परंतु त्याच्या मर्यादा ओळखूनच तो वापरला पाहिजे. कोळसा भरला की डबी निकामी होते आणि एवढ्या अल्प मात्रेत आयसोसायनेटचा वास येत नसल्यामुळे ती निकामी झाल्याचे कळत नाही. म्हणून ‘वास येऊ लागला की बदलू’ हा नियम येथे चालत नाही. उत्पादकाच्या सूचनेनुसार, वापराचे तास मोजून, डबी बदलावी लागते. काम संपल्यावर मास्क गॅरेजच्या खिळ्याला टांगून ठेवला, तर कोळसा रात्रभर तेथील वाफा शोषतच राहतो. तो हवाबंद डब्यात ठेवावा. आणि दाढीचे खुंट असतील तर रबर चेहऱ्याला नीट बसत नाही, फटीतून हवा आत येते. मास्क लावायचा त्या दिवशी गुळगुळीत दाढी हवी. दाढी ठेवणाऱ्या कारागिरांसाठी डोके झाकणारी सैल टोपी आणि तिच्यात स्वच्छ हवा पुरवणारी नळी, हाच योग्य मार्ग आहे.

हा हवा पुरवणारा मास्क किंवा टोपी या कामासाठी सर्वोत्तम मानली जाते. तिच्यात बाहेरची हवा गाळून घेण्याचा प्रश्नच येत नाही. नळीतून आलेली हवा आतून बाहेर वाहत राहते. पण ती हवा स्वच्छ असली पाहिजे. साध्या काँप्रेसरच्या हवेत तेलाचा अंश असतो. त्याचे तोंड गाड्यांच्या धुराजवळ असेल तर तो धूरही नळीत येतो. श्वासाच्या हवेसाठी योग्य गाळण्या बसवणे, काँप्रेसरला मोकळ्या जागेतून हवा घेऊ देणे आणि गाळण्या वेळेवर बदलणे हे त्या टोपीइतकेच आवश्यक आहे. आणि फवारा संपताच रंग कसा बसला ते पाहण्यासाठी टोपी वर करण्याची जी सवय असते, ती सर्वांत घातक. बूथ चांगला असेल तर हवा काही मिनिटांत निवळते. साध्या खोलीत वीस मिनिटे किंवा त्याहून अधिक लागू शकतात. तोपर्यंत टोपी उतरवू नये आणि दुसऱ्या कोणी, चहा घेऊन आलेल्या पोऱ्यानेही, आत येऊ नये.

मास्क ही शेवटची भिंत आहे, पहिली नव्हे, असे तज्ज्ञ सांगतात. प्रथम पाहावे की जेथे हार्डनरचा रंग अनिवार्य नाही तेथे एका डब्याचा रंग किंवा ब्रशने लावायचा प्रकार चालेल का. त्यानंतर हवा खेचून बाहेर टाकणारा बूथ. किमान फवारणीची जागा उरलेल्या गॅरेजपासून वेगळी. कातडीलाही विसरू नये, कारण हार्डनर कातडीवाटेही संवेदीकरण घडवू शकतो, असे मानले जाते. हातात नायट्राइलचे मोजे असावेत, आणि हात थिनरने नव्हे तर साबणाने धुवावेत. रंग मिसळताना आणि गन धुतानाही मास्क हवा. सर्वच हार्डनर एका जातीचे नसतात, हेही लक्षात ठेवावे. पुट्टीबरोबर येणाऱ्या लहान ट्यूबमधील हार्डनर वेगळा, इपॉक्सी प्रायमरचा वेगळा. त्यांचे अपायही वेगळे. डब्यावर आयसोसायनेटचा उल्लेख आहे का ते पाहावे आणि दुकानदाराकडून उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे. ‘वॉटर-बेस्ड’ या शब्दानेही निश्चिंत होऊ नये. रंग पाण्यातला असला तरी वरचा क्लिअर बहुधा हार्डनरचाच असतो. पूर्ण कडक झालेल्या रंगापासून मात्र हा धोका राहत नाही, म्हणून गाडीच्या मालकाने घाबरण्याचे कारण नाही. तोच रंगवलेला पत्रा वेल्डिंगने तापवला, तर आयसोसायनेट पुन्हा सुटू शकते. वेल्डरने आधी रंग खरवडून काढावा.

येथवर ऐकून आपल्या मनात प्रश्न आला असेल की, कायदा काय करतो? भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ज्या व्याधींची खबर शासनाला देणे बंधनकारक आहे, त्या यादीत ‘आयसोसायनेट विषबाधा’ स्पष्ट शब्दांत आली. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या यादीतही ती आहे. परंतु ही कलमे प्रामुख्याने कारखान्यासाठी. चार-पाच माणसांचे गॅरेज ‘कारखाना’ या व्याख्येत बसत नाही, आणि सदनिकेत पॉलिश मारणारा कारागीर तर कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. मोठ्या कारखान्यांच्या पेंट शॉपमध्ये बूथ असतात, डॉक्टर असतो, तपासणी होते. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेसारखी औद्योगिक आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था आपल्या शहरातच आहे. ज्ञान कमी नाही. ते छोट्या गॅरेजच्या पत्र्याखाली पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे.

आम्ही वाणिज्य शाखेची माणसे या अडचणीकडे हिशेबाच्या भाषेत पाहतो. गॅरेजच्या बिलात पत्र्याचे काम असते, पुट्टी असते, रंग, क्लिअर, मजुरी असते. श्वासाचा रकाना नसतो. मालक म्हणतो, गिऱ्हाईक घासाघीस करते, शेजारचा कमी दरात करून देतो, मी हवेची टोपी कोठून आणू? त्याचे म्हणणे खोटे नाही. पण जो खर्च बिलात दिसत नाही तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. तो कारागिराच्या घरी औषधाच्या चिठ्ठीवर पडतो, बुडालेल्या रोजंदारीवर पडतो, मुलाच्या अर्धवट सुटलेल्या शाळेवर पडतो, आणि शेवटी आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाच्या सवलतीच्या खाटेवर पडतो. म्हणजे, देणगीदार बंधु-भगिनींनो, तो फिरून आपल्याकडेच येतो. गॅरेजमध्ये जी रक्कम आपण वाचवली, तीच येथे दान म्हणून देतो. यांतील पहिला मार्ग स्वस्त पडला असता आणि त्यात एक माणूस धडधाकट राहिला असता.

म्हणून आज आमची विनंती केवळ देणगीची नाही. पीक फ्लो मीटर, श्वसनक्षमतेच्या तपासण्या आणि गरजू रुग्णांचे इन्हेलर यांसाठी आपले साहाय्य हवेच आहे, आणि ते आपण उदारपणे देत आला आहात. पण त्याखेरीज आपण सर्व गाड्यांचे आणि घरांचे मालक आहात, म्हणजे या कारागिरांचे गिऱ्हाईकही आहात. गाडी रंगाला देताना दोन प्रश्न विचारा: फवारणी बंद बूथमध्ये होते का, आणि मारणाऱ्याला हवेचा किंवा डबीचा मास्क आहे का? बिलात त्यासाठी थोडी रक्कम जास्त लागली तर ती घासाघिशीतून वगळा. घरात पीयूचे काम काढणार असाल तर कपाटाचे पल्ले शक्यतो कार्यशाळेतूनच पॉलिश करून आणवा. घरातच करणे भाग पडले तर घरातील मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना त्या दिवसांत अन्यत्र ठेवा, हवा मोकळी बाहेर जाईल अशी व्यवस्था करा, शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या; आणि कारागिराकडे योग्य मास्क नसेल तर तो आल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. गिऱ्हाइकाचा शब्द गॅरेजमध्ये सरकारी फतव्यापेक्षा लवकर ऐकला जातो.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही एक विनंती. आपल्या घरात कोणी गन चालवत असेल, पॉलिश करत असेल, किंवा त्यांच्या हाताखाली मदतनीस असेल आणि रात्रीचा खोकला जात नसेल, तर डॉक्टरांना ‘हवा मानवत नाही’ एवढेच सांगू नका. कामाचे नाव सांगा. शक्य झाल्यास हार्डनरच्या डब्यावरील लेबल सोबत आणा. मोबाइलवर काढलेले छायाचित्रही चालेल. आणि काम जाईल या भीतीने लपवू नका. लवकर सांगितले तर मास्क, बूथ किंवा कामातील बदल यांनी पुष्कळ काही वाचवता येते. उशिरा सांगितले तर काम आणि श्वास दोन्ही जाण्याची वेळ येते.

दसऱ्याला आपल्या गॅरेजमधून काँप्रेसरला झेंडूची माळ घालतात, गनला हळदकुंकू वाहतात. ज्या साधनावर पोट चालते त्याची पूजा करण्याची ही आपली सुंदर रीत आहे. कारागिराचे फुप्फुस हेही त्याचे एक साधन आहे, आणि बाजारात त्याचा सुटा भाग मिळत नाही. ते जपण्याचा खर्च हा धंद्याचाच खर्च आहे, हे गॅरेजमालक, गिऱ्हाईक आणि आम्ही रुग्णालयवाले अशा तिघांनी मान्य केले, तर पुढील काही वर्षांत आमच्या बाह्यरुग्ण विभागातील एक रांग आखूड होऊ शकेल. रुग्णसंख्या वाढल्याचा आनंद रुग्णालयांच्या अहवालांत सहसा नोंदला जातो. ही एक रांग आखूड झाल्याचा आनंद आम्हांला अधिक वाटेल.